दहा वर्षांची सही

प्रद्युम्नने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"इथे. खाली, आईची."

मी पोळ्या लाटत होते. हाताला पीठ होतं, तेवढं निमित्त पुरलं. "नंतर करते," म्हटलं.

"नंतर काय नंतर? महिनाअखेरीच्या आत पोचायला हवं."

"वाचल्याशिवाय करणार नाही."

"अगं, मी वाचलंय ना!"

लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकतेय. घराचा करार, विम्याचे कागद, मुक्ताला वर्षभर आधी शाळेत घालायचा अर्ज. सगळं त्यानं वाचलेलं, मी फक्त सही करणारी. या वेळी मात्र पोळ्या उरकल्या, हात धुतले आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. माझं जर्मन बरं आहे. सरकारी जर्मन कुणाचंच बरं नसतं. तरी वाचलं, आणि दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत माझे कान तापले होते.

मुक्ता आमची एकुलती एक. सतरा वर्षांची, न्युरेम्बर्गच्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात, शेवटच्या वर्षाला. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि हे कुणी तिच्या डोक्यात भरवलेलं नाही. शाळेच्या प्रथमोपचार पथकात ती आहे. मैदानावर कुणाचं रक्त दिसलं की बाकीची मुलं मागे सरतात, ही पुढे जाते. इथे शाळा संपली की सरळ मेडिकलला जाता येतं, सहा वर्षांचा सलग अभ्यास. पण जागा मूठभर. गुण इथे उलटे मोजतात, एक म्हणजे सगळ्यात उत्तम. मुक्ताला एक पूर्णांक सात मिळतील असा शिक्षकांचा अंदाज. आपल्याकडे एवढ्यावर पेढे वाटले असते. इथल्या मेडिकलच्या रांगेत एवढ्यावर कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

मग प्रद्युम्नला एक बाजूचं दार सापडलं. बायर्न, म्हणजे आमच्या बव्हेरिया राज्यात गावच्या डॉक्टरांसाठी काही जागा राखून ठेवतात. तिथे शाळेच्या गुणांवर अडत नाही. प्रवेशचाचणी, सेवेचा अनुभव आणि मुलाखत बघतात. चाचणी मुक्ताची छान गेली होती. बदल्यात एकच अट. शिक्षण आणि वर फॅमिली डॉक्टरचं पाच वर्षांचं प्रशिक्षण पुरं झालं की पुढची दहा वर्षं, जिथे डॉक्टर नाही अशा गावात दवाखाना चालवायचा. नाही चालवला तर डोळे पांढरे होतील असा दंड. तसा करार अर्जासोबतच द्यायचा. मुक्ता अठराची व्हायला अजून काही महिने होते, म्हणून आई-वडील दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"दहा वर्षं," मी म्हटलं. "ती गावात जाईल तेव्हा एकोणतिशीला आलेली असेल. सुटेल तेव्हा चाळिशीला. आणि हे तिनं आत्ता ठरवायचं?"

"कोण जातंय गावात?" प्रद्युम्न हसला. "अगं, बॉन्ड आहे तो. बॉन्ड!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पहिल्या कंपनीत मी दोन वर्षांचा बॉन्ड लिहून दिला होता. वर्षाच्या आत सोडली. काय झालं? भरले पैसे, झालो मोकळा. आपल्याकडे एमबीबीएसची पोरं काय करतात? गावचा बॉन्ड भरून टाकतात आणि पुढे जातात. आत्ता आत शिरायचं. पुढचं पुढे. अकरा वर्षांत सरकारं बदलतात, कायदे बदलतात. नाहीतर वकील आहेतच."

"इथे तसं नसतं."

"सगळीकडे तसंच असतं, देवश्री. फक्त तुला आणि जर्मनांना ते माहीत नसतं."

"मुक्ताला काय सांगितलंयस?"

"हेच. ती प्रॅक्टिकल आहे. माझ्यावर गेलीये."

बॉन्ड या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. का आहे ते प्रद्युम्नला पक्कं माहीत होतं. माहीत असून तो हसला. मी कागद घडी न करता फ्रीजवर ठेवला, आणि त्या रात्री त्याच्याशी भाजीत मीठ कमी आहे का एवढंसुद्धा बोलले नाही.

मुक्ताचं काय चाललंय हे कळायला मला विचारावं लागत नाही. ती दार कसं लावते त्यावरून पेपर कसा गेला ते कळतं. सकाळी दोनदा केस विंचरले म्हणजे पोटात गोळा आलेला. त्या आठवड्यात ती रोज तीनदा केस विंचरत होती. मी विचारलं, "तुला हे हवंय का गं?" ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला मेडिकल हवंय, आई." ती घरात मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते, लहानपणापासून. मी म्हटलं, "मी गावाचं विचारतेय." तिनं खांदे उडवले. "ते खूप लांब आहे."

रविवारी दुपारी दिवाणखान्यात नीलांबरीवहिनींचा व्हिडिओ कॉल लागला. वहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई, न्यू जर्सीत असतात. त्यांच्या तनयला बारावीतच कॉलेज आणि मेडिकल अशी आठ वर्षांची जोडसीट मिळाली, एकदाच अर्ज, एकदाच प्रवेश, मध्ये पुन्हा रांगेत उभं राहणं नाही. तेव्हापासून आमच्या अख्ख्या घराण्यात प्रवेश या विषयावर वहिनींचा शब्द शेवटचा. मुलाखत वसंतात होती, पण वहिनींच्या मते तयारीला आत्ताच उशीर झालेला होता. त्यांना जर्मन येत नाही म्हणून तालीम इंग्रजीत चालली होती. मी स्वयंपाकघरात कोशिंबिरीला गाजरं किसत होते. मध्ये दार नाही, सगळं ऐकू येतं.

"चल, पहिल्यापासून," वहिनी म्हणाल्या. "गावातच का डॉक्टर व्हायचंय तुला?"

मुक्तानं घसा साफ केला. "मी चार वर्षांची होते. आम्ही भारतात आजोबांच्या गावी गेलो होतो. एके सकाळी आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही त्यांना सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसवलं. आत डॉक्टर नव्हता. मी त्यांचा हात धरून बसले होते. हात गार होत गेला, आणि तेव्हा मी ठरवलं—"

"थांब थांब. 'गार होत गेला' झालं की एक श्वास घे. लगेच पळू नकोस पुढे. त्यांना जरा वाटू दे."

"हात गार होत गेला," मुक्ता म्हणाली, आणि तिनं श्वास घेतला.

किसणीवर माझं बोट गेलं तेही मला कळलं नाही.

ते आजोबा म्हणजे माझे अण्णा. ते गेले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मुक्ता जन्माला यायला तेव्हा पाच वर्षं अवकाश होता.

मी तशीच बाहेर गेले. "कुणाचा हात?"

प्रद्युम्न आधी माझ्या बोटाकडे बघत म्हणाला, "अगं, रक्त येतंय."

"कुणाचा हात धरला होतास गं तू?"

मुक्ता खुर्चीत आक्रसली. पडद्यावर वहिनींनी चष्मा वर केला. "देवश्री, हे बघ, खोटं काय आहे त्यात? तुझे वडील गेलेच ना? डॉक्टर नव्हताच ना? फक्त जरा मांडणी करायची. नुसतं 'मला सेवा करायचीय' म्हणणारी हजार मुलं असतात. गोष्ट लागते."

"ती जन्मली नव्हती, वहिनी."

"तारखा कोण तपासतंय?" हे प्रद्युम्न.

"सगळे असंच करतात गं," वहिनी म्हणाल्या. "तनयच्या प्रवेशाच्या निबंधात आपण आईंचा गुडघा नाही का घातला?"

घातला होता. आमच्या सासूबाई पुण्यात मॉलच्या सरकत्या जिन्यावर साडी अडकून पडल्या, गुडघ्याची वाटी सरकली. तनयच्या निबंधात त्याच सासूबाई देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून खाली बसून रडल्या, आणि छोट्या तनयने त्यांचे डोळे पुसता पुसता वैद्यकशास्त्राला वाहून घ्यायचं ठरवलं. त्या गुडघ्यानं न्यू जर्सीत दरवाजे उघडले. सासूबाईंना जिना अजून चढता येत नाही, आणि तनयने त्यांना वर्षभरात फोन केलेला नाही.

"गुडघा तुमच्या सासूबाईंचा होता," मी म्हटलं. "त्या माझ्याही सासूबाई आहेत म्हणून मी गप्प बसले, चुकलंच. अण्णा माझे आहेत. त्यांना हात लावायचा नाही."

"किती मनाला लावून घेतेस! पोरीचं कल्याण होतंय—"

"आई," मुक्ता मध्येच म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "काकू म्हणाली डॉक्टर खरंच नव्हता. तू मला हार्ट अटॅक एवढंच सांगितलंयस. नव्हता का?"

मला तिथे, त्या कॉलसमोर, बोट तोंडात धरून सांगायचं नव्हतं. पण तिनं विचारलं होतं, आणि ज्यांनी तिला अर्धवट सांगितलं ते दोघंही समोर होते.

"नव्हता," मी म्हटलं. "कोयनेच्या खोऱ्यात गाव आमचं. अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे. सकाळी आंघोळीचं पाणी काढताना छातीत दुखायला लागलं. मामानं शेजारच्यांची जीप काढली. आरोग्यकेंद्राच्या फळ्यावर डॉक्टरचं नाव होतं, हजेरीवर सही होती, खुर्चीवर पांढरा कोटसुद्धा होता. डॉक्टर पुण्यात होता. पुढच्या परीक्षेचा क्लास लावला होता त्यानं. एक वर्षाचा बॉन्ड होता त्याचा. आठवड्यातून एकदा यायचा, सगळ्या दिवसांच्या सह्या करून जायचा. सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी काही म्हणायचं नाही, कारण आधीच्या वर्षी तेवढाही कुणी आला नव्हता. सिस्टर एकटी होती. तिनं जिभेखाली गोळी ठेवली आणि कराडला न्या म्हणाली. अण्णा घाटात गेले. डॉक्टर असता तर वाचले असते की नाही मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तो नव्हता एवढं माहीत आहे. पुढच्या महिन्यात त्यानं उरलेले पैसे भरले आणि गेला. मोकळा झाला." मी प्रद्युम्नकडे पाहिलं. "तुझ्यासारखा."

मग मुक्ता हळूच म्हणाली, "मग हे सांगू का मी? खरं आहे ते?"

आणि प्रद्युम्नने टेबलावर थाप मारली. "अरे, हे तर अजून भारी आहे! बॉन्डवाला डॉक्टर पळाला, म्हणून मी येणार! यापुढे कुठली गोष्ट उभी राहील?"

"ओ माय गॉड, येस!" पडद्यावर वहिनी टाळ्या वाजवत होत्या. "आणि हात धरायचीसुद्धा गरज नाही!"

मी स्वयंपाकघरात परत गेले आणि किसणी सगळ्या ताकदीनिशी सिंकमध्ये आपटली. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी चिठ्ठी लावतात. लावू देत.

"कसला आवाज झाला?" वहिनींनी विचारलं.

"गाजराचा," मी ओरडून सांगितलं.

रात्री प्रद्युम्न समजूत घालायला आला. समजूत घालताना तो आवाज उतरवतो, त्यामुळे तो जास्तच दुष्ट वाटतो. "तुझ्या अण्णांची बेइज्जती करायची नव्हती मला. पण तू हरिश्चंद्राच्या घराण्यातली असशील, मी नाही. पोरगी एका सहीवर डॉक्टर होतेय. तुझी सही अडली म्हणून ती झाली नाही, तर तिच्या डोळ्यांत बघशील का?"

"आणि ज्या गावाला डॉक्टर मिळणार म्हणून सांगितलंय, त्यांच्या डोळ्यांत तू बघशील का?"

"त्यांचं काय एवढं! जर्मन आहेत ते. त्यांना ॲम्ब्युलन्स आहे, हेलिकॉप्टर आहे. ते काय कोयनेचं खोरं आहे?"

माझा राग दुप्पट झाला. खरंच, मी कधी पाहिलं होतं त्यांचं गाव?

शनिवारी मी मुक्ताला उठवलं. "चल. जॅकेट घाल."

"कुठे?"

"जिथे दहा वर्षं राहायचं लिहून देतेयस तिथे."

"श्पिन्स्ट डू?" ती म्हणाली. वेड लागलंय का, हे ती मला फक्त जर्मनमध्ये विचारू शकते. मराठीत विचारलं असतं तर थोबाडीत बसली असती. पण आली. कानात हेडफोन घालून, तोंड पाडून, पण आली.

ट्रेननं श्वान्डॉर्फ, तिथून खाम, आणि तिथून चेक सरहद्दीच्या डोंगराकडे जाणारी बस. गावाचं नाव मी मुद्दाम निवडलं नव्हतं. डॉक्टर हवा असलेल्या भागांच्या नकाशावर ते होतं आणि शनिवारी तिथे बस जात होती, एवढंच. उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ काळा पडला होता. चर्च, बंद असलेली बेकरी, ट्रॅक्टरचं दुकान. शेणाचा वास. मुक्तानं मफलर नाकावर ओढला.

दवाखाना शोधावा लागला नाही. पितळी पाटी अजून होती. दाराच्या काचेवर आतून एक कागद चिकटवलेला: इतकी वर्षं विश्वास टाकल्याबद्दल आभार, जागी दुसरा डॉक्टर मिळाला नाही, रुग्णांनी खामला जावं. आम्ही दोघी तो वाचत उभ्या होतो, तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. चाकांचा वॉकर ढकलत एक म्हातारी येत होती. ती आमच्यापाशी येऊन थांबली आणि तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला एक पाऊल मागे जावंसं वाटलं.

"तुम्ही नव्या फ्राऊ डॉक्टर का?"

"नाही," मी म्हटलं. "आम्ही नुसत्या बघायला आलोय."

"अच्छा." तिचा चेहरा पडला नाही. तिला सवय असावी. मग ती मुक्ताकडे वळली. "आणि ही?"

"हिला व्हायचंय डॉक्टर," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. मला वाटतं रागानंच.

"हो का! किती वर्षं लागतील गं?"

मुक्तानं हेडफोन काढले. "अकरा," ती म्हणाली.

म्हातारीनं आकाशाकडे बघत हिशेब केला आणि तिला हसू आलं. "म्हणजे मला ब्याण्णवपर्यंत टिकावं लागेल." तिनं मुक्ताच्या बाहीवर हात ठेवला. "बरं. टिकते."

आणि ती निघून गेली, वॉकर ढकलत, बर्फाच्या कडेकडेनं.

परतीच्या बसमध्ये मुक्तानं हेडफोन घातले नाहीत. ते मांडीवर ठेवून ती बाहेर बघत होती. "कसं वाटलं?" विचारलं तर म्हणाली, "हे मुद्दाम केलंस तू."

"मी कुठे त्या बाईला बोलावलं होतं?"

"आणलंस तर तूच ना!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "आता ती मला दिसत राहणार. बाबा बरोबर म्हणतात. तुला कुणाचं बरं बघवत नाही."

पुढे न्युरेम्बर्गपर्यंत आम्ही दोन अनोळखी बायकांसारख्या बसलो होतो.

शेवटच्या दिवशी प्रद्युम्न दुपारीच घरी आला. कागद फ्रीजवरून काढून त्यानं टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. लॅपटॉप उघडला, बाकी सगळं भरून तयार होतं. पुण्याला आईला फोन करायचा म्हणून त्यानं चांगला शर्टसुद्धा घातला होता. मुक्ता समोर बसली. तिचे केस इतके विंचरलेले होते की भांग लाल झाला होता.

"आता तमाशा नको, देवश्री," तो म्हणाला.

मी पेन उचललं. मी सही करणार नव्हते असं आज सांगितलं तर ते खोटं होईल. माझी लेक, तिला एवढंच हवंय, आणि माझ्या हातात आहे. एक रेघ. कोण ती म्हातारी? माझी कोण लागते?

"मुक्ता," मी म्हटलं, "मी एकच विचारते. जाणार आहेस का तू? जाते म्हण, मी आत्ता सही करते. जाईन असं तुला मनापासून वाटत असेल तर पुढे तुझं मन बदललं तरी मी तुला दोष देणार नाही. पण आज, तुझ्या मनात, तू जाणार आहेस का?"

"हो म्हण गं!" प्रद्युम्न म्हणाला. "एक शब्द! हो म्हण!"

मुक्ता कागदाकडे बघत राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तान्ही होती तेव्हा रडायच्या आधी असाच व्हायचा.

"नाइन," ती म्हणाली.

"काय नाही? कुणाला नाही?"

"मी नाही जाणार तिथे. मला माहीत आहे. मला शहर सोडायचं नाही. आणि मी सही केली तर ते लोक समजतील एक डॉक्टर येतेय, आणि ज्याला खरंच जायचंय त्याची जागा मी घेतलेली असेल." मग तिचा आवाज फाटला. "ती टिकते म्हणाली, बाबा!"

"कोण टिकते? कोण म्हणाली?" प्रद्युम्न माझ्याकडे फिरला. "काय भरवलंस तू हिच्या डोक्यात? पोरीचं आयुष्य... एका म्हातारीला दाखवून..."

"ओरडू नकोस तिच्यावर."

"तुझ्यावर ओरडतोय!"

"आणि तू खूश होऊ नकोस," मुक्ता मला म्हणाली, रडत, बोट रोखून. "तू जिंकलेली नाहीस. जागा माझी गेलीय. तुमच्या दोघांची नाही, माझी!"

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही तिनं. नुसतं लावलं, आणि ते मला जास्त लागलं. मी त्या चांगल्या शर्टातल्या माणसाकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा. त्यानं आयुष्यात कधी खऱ्यापायी छदामाचं नुकसान सोसलं नव्हतं, आणि ते सोसायला आमची सतरा वर्षांची पोर पुढे झाली होती. मला त्याला मारावंसं वाटलं. आणि स्वतःलाही.

फोन वाजला. पुणे. सासूबाई वाट बघून थकल्या होत्या.

"झालं का रे? गेला का अर्ज?" पडद्यावर त्यांचं कपाळ आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. मी फोन घेतला.

"नाही गेला, आई."

"का गं? पोर नाही म्हणाली का?"

सुट्टीत भेटायला गेलो की हेच निघणार, मला दिसत होतं. लग्नकार्यात, तनयसमोर, वहिनींसमोर: आयती सीट लाथाडली हिनं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मुक्ता तयार होती. मीच सही केली नाही."

"तू? अगं, आई आहेस का वैरीण?"

मी प्रद्युम्नकडे पाहिलं. त्याला खरं माहीत होतं. तो पुढे झाला, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला आणि म्हणाला, "काय सांगू, आई? समजावून थकलो मी हिला."

"ष्टॉप!"

मुक्ता दारात उभी होती. डोळे सुजलेले. तिनं येऊन माझ्या हातातला फोन ओढला आणि जर्मनमध्ये बोलायला लागली, भरभर, हुंदके देत. सासूबाई बिचाऱ्या पडद्याला कान लावून बसल्या.

"काय म्हणते गं ती? मला काही कळत नाही. देवश्री, काय म्हणते ती?"

मुक्तानं फोन माझ्यासमोर धरला. "सांग तिला. तुझं काही घालू नकोस, काही गाळू नकोस. सगळे माझ्याबद्दल गोष्टी रचताय. काकू रचते, बाबा रचतात, आता तूही. मी म्हणते तेवढंच सांग."

"मुक्ता, राहू दे ना आत्ता," प्रद्युम्न म्हणाला.

"सांग!"

मी सांगायला लागले. ती एक वाक्य बोलायची, मी मराठीत म्हणायची.

"मीच नाही म्हटलं, आजी. मी गावात जाणार नव्हते. बाबांना ते पहिल्यापासून माहीत होतं."

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या.

"मला डॉक्टर व्हायचंच आहे. आता कसं होणार ते मला माहीत नाही. मला बाबांचा खूप राग आलाय."

प्रद्युम्न उठून खिडकीपाशी गेला.

मुक्ता थांबली. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि पुढचं वाक्य बोलली.

"आईचाही आलाय," मी सासूबाईंना सांगितलं.

"का? तिचा का?"

मी मुक्ताला प्रश्न सांगायची गरज नव्हती, मराठी तिला कळतं. तिनं उत्तर दिलं.

"तिनं मला अण्णांचं कधी सांगितलं नाही म्हणून," मी म्हटलं. "आणि खोटं बोलायचं नाही म्हणाली, आणि आत्ता तुमच्याशी खोटं बोलली म्हणून."

मुक्तानं फोन दुसऱ्या हातात घेतला, बाहीनं नाक पुसलं.

"अजून आहे," ती म्हणाली. "सांग."